भिंतीतली धग

(समाजाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही दोघं एकाच रुग्णालयात वेगवेगळ्या मजल्यांवर काम करतो. एक जण खाली न्यूक्लिअर मेडिसिन विभागात, दुसरी वर संधिवाताच्या ओपीडीत. आजचा विषय या दोन मजल्यांच्या मधल्या जिन्यावरचा आहे, म्हणून समितीनं आम्हाला जोडीनं बोलावलं. माईकवर एकच जण असला तरी भाषण दोघांचं आहे.

विषय पेट स्कॅनचा. इंदुरात पहिला घोटाळा या शब्दापाशीच होतो. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, ही आपली कित्येक पिढ्यांची सवय. त्यामुळे ‘पेट स्कॅन’ म्हटलं की पुष्कळांना ती पोटाची तपासणी वाटते. पोटाशी तिचा काही संबंध नाही. पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं आहेत.

दुसरा घोटाळा जास्त त्रासदायक. पेट स्कॅन लिहून दिला म्हणजे कॅन्सरच, असं धरून घर एकदम गप्प होतं. मुलगी लग्नाच्या वयाची असेल तर विचारूच नका. शेजारी कळायला नको, नातेवाइकांत बोलबाला नको, म्हणून तपासणी पुढच्या महिन्यावर जाते. हा स्कॅन कॅन्सरसाठी सर्वांत जास्त वापरतात हे खरं. पण रक्तवाहिनीच्या भिंतीला आलेला दाह शोधायलाही तो वापरतात, आणि तिथे गेलेला महिना फार महाग पडतो. आज आम्हाला हेच सांगायचं आहे, की ही धग वेळेवर पाहिली तरच दिसते, आणि वेळेवर दिसली तरच तिचा उपयोग.

आधी भिंतीबद्दल. रक्तवाहिनी म्हणजे नळ, असं आपण समजतो. पण नळाची भिंत निर्जीव असते, धमनीची जिवंत. तिला तीन थर असतात, त्यांत स्नायू असतात, लवचीक तंतू असतात. मोठ्या धमन्यांच्या भिंतीला रक्त पुरवायला आणखी बारीक रक्तवाहिन्याही असतात. कधी कधी शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच या भिंतीवर उलटते. पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात, तिथे ठाण मांडतात. भिंत सुजते, जाड होते. काही महिन्यांनी, काही वर्षांनी आतला मार्ग अरुंद होतो, बंद पडतो किंवा भिंत कमजोर होऊन फुगते. याला व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. मोठ्या धमन्यांना होणारे याचे दोन मुख्य प्रकार आहेत, आणि ते दोन वेगळ्या पिढ्यांना गाठतात.

पहिला तरुणांचा, त्यातही मुख्यतः तरुण स्त्रियांचा. मिकितो टाकायासू हे जपानमधले नेत्रतज्ज्ञ. एका तरुण स्त्रीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची विचित्र गुंफण त्यांना दिसली, आणि १९०८ साली त्यांनी ती नेत्रतज्ज्ञांच्या सभेत मांडली. त्याच सभेत ओनिशी आणि कागोशिमा या दोघांनी सांगितलं की, अशाच रुग्णांच्या मनगटाला नाडीच लागत नाही. डोळा आणि मनगट यांचा धागा तिथे जुळला. पुढे या आजाराला ‘नाडी नसलेला आजार’ असंही नाव पडलं. आपल्या देशात हा आजार परका नाही. आपल्याकडे तो बऱ्याचदा पोटातल्या महाधमनीला आणि मूत्रपिंडाच्या धमन्यांना धरतो, त्यामुळे विशी-पंचविशीत रक्तदाब वाढलेला सापडतो.

दुसरा प्रकार ज्येष्ठांचा, जायंट सेल आर्टेरायटिस. पन्नाशीच्या आत तो होत नाही, सत्तरीत जास्त दिसतो. उत्तर युरोपात त्याचं प्रमाण मोठं आहे. आपल्याकडे कमी दिसतो, पण दिसतो. कानशिलाकडे नवी, पूर्वी कधी नव्हती अशी डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, भाकरीचे दोन घास चावताच जबडा भरून येणं, खांदे आणि मांड्या सकाळी आखडणं, बारीक ताप, वजन उतरणं. या सगळ्याला ‘वय झालं’ असं म्हणून सोडून देणं फार सोपं असतं. पण याच आजारात डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटला तर दृष्टी अचानक जाते. गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही, आणि उपचार झाले नाहीत तर दुसरा डोळाही काही दिवसांत किंवा आठवड्यांत जाऊ शकतो.

मग निदान अवघड का? कारण सुरुवातीला भिंत धुमसत असते आणि मार्ग मोकळा असतो. जुन्या पद्धतीची अँजिओग्राफी आतला मार्ग दाखवते. रस्त्याची रुंदी मोजून शेजारच्या घरात आग लागली आहे का हे जसं कळत नाही, तसंच हे. मार्ग अरुंद दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या दाह असल्याचं सांगतात, कुठे ते सांगत नाहीत. आपल्याकडे ताप, अशक्तपणा, उतरणारं वजन म्हटलं की आधी क्षयाचा संशय येतो, आणि तो यायलाच हवा. पण क्षय सापडला नाही तर शोध तिथेच थांबू नये.

आता पेट स्कॅनची युक्ती सांगतो. तिचं मूळ तत्त्व जुनं आहे. जॉर्ज द हेवेशी या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची एक गोष्ट सांगतात. तरुणपणी मँचेस्टरला तो एका घरी पैसे देऊन जेवत असे. घरमालकीण उरलेलं अन्न पुन्हा वाढते असा त्याला संशय होता आणि ती ते मान्य करत नव्हती. त्यानं ताटात टाकलेल्या अन्नात किंचित किरणोत्सारी पदार्थ मिसळला, आणि काही दिवसांनी पुढे आलेल्या पदार्थात उपकरणानं तो पकडला. गोष्टीत तिखटमीठ किती ते सोडा, पण किरणोत्सारी खूण लावून एखाद्या पदार्थाचा माग काढायचा, ही कल्पना त्याचीच. १९४३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं.

आपल्या स्कॅनमध्ये खूण लावतात ती साखरेला. ग्लुकोजच्या रेणूतला एक तुकडा काढून तिथे फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू बसवतात. तयार होतं त्याला थोडक्यात एफडीजी म्हणतात. माणसाला ते पहिल्यांदा १९७६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात टोचलं गेलं. हे एफडीजी म्हणजे साखरेचं सोंग घेतलेला बहुरूपी. भुकेली पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते, पहिला शिक्काही मारते. पुढच्या पायरीवर मात सोंग उघडं पडतं. त्याचं पुढे ज्वलन होत नाही, आणि शिक्का बसल्यामुळे त्याला सहजी बाहेरही पडता येत नाही. ते पेशीत अडकून राहतं. जिथे साखरेची भूक जास्त, तिथे ते जास्त साठतं. कॅन्सरच्या पेशी साखर भराभर ओढतात. दाह करणाऱ्या पांढऱ्या पेशीही ओढतात, म्हणून हाच स्कॅन दोन्हीकडे चालतो.

फ्लोरिन-१८ मधून पॉझिट्रॉन निघतो, तो जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघेही नाहीसे होतात, आणि दोन किरण एकमेकांच्या विरुद्ध दिशेला सुटतात. भोवतालच्या कड्यातली उपकरणं ते दोन्ही एकाच क्षणी टिपतात आणि संगणक त्यांचं उगमस्थान शोधतो. सोबत सीटी असतो, त्यामुळे चमक नेमकी कुठल्या अवयवात आहे ते कळतं.

या फ्लोरिनचं अर्ध-आयुष्य सुमारे ११० मिनिटं. म्हणजे दर ११० मिनिटांनी ते निम्मं होतं. अकरा तासांत चौसष्टावा हिस्सा उरतो. म्हणून ते दुकानात साठवून ठेवता येत नाही. सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात पहाटे बनवायचं आणि दुपारपर्यंत वापरायचं. आपल्या देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. आता अनेक शहरांत ही सोय आहे. तुम्हाला दिलेली वेळ चुकली तर तुमच्या वाटचं औषध हवेत विरतं, असंच समजा.

धमनीतली धग प्रत्यक्षात कशी दिसते? निरोगी महाधमनीची भिंत चित्रात फारशी उठून दिसत नाही. दाह असेल तर छातीतून पोटाकडे उतरणारी महाधमनी आणि गळपट्टीच्या हाडामागून हाताकडे जाणाऱ्या धमन्या सलग रेघेसारख्या उजळतात. किती उजळल्या हे ठरवायला यकृताशी तुलना करतात. चमक नाही तर शून्य, यकृतापेक्षा कमी तर एक, यकृताइतकी तर दोन, यकृताहून जास्त तर तीन. बेल्जियममधल्या लूव्हन इथल्या डॉक्टरांनी २००६ साली जायंट सेल आर्टेरायटिसच्या ३५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या २९ जणांच्या मोठ्या धमन्यांत ही चमक होती. कानशिलापुरता समजला जाणारा आजार छातीत आणि पोटातही पसरलेला असतो, हे त्यातून डोळ्यांना दिसलं. २०२२ साली या आजाराचे जे आंतरराष्ट्रीय निकष आले, त्यांत महाधमनीभर दिसणाऱ्या पेट स्कॅनच्या चमकेला गुण दिलेले आहेत.

आता सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा, वेळेचा. या आजारांचा पहिला उपचार स्टेरॉइड. स्टेरॉइड ही धग विझवतं, आणि धग विझू लागली की चित्रही फिकं पडतं. डेन्मार्कमध्ये जायंट सेल आर्टेरायटिसच्या २४ रुग्णांचा एक छोटा अभ्यास झाला. उपचाराआधी स्कॅन, मग काहींचा तीन दिवसांनी, काहींचा दहा दिवसांनी पुन्हा स्कॅन. तीन दिवसांनी पाहिलेल्या दहाच्या दहा जणांत मोठ्या धमन्यांचा दाह अजून ओळखता येत होता. दहा दिवसांनी पाहिलेल्या चौदांपैकी फक्त पाच जणांत. म्हणून स्कॅन स्टेरॉइडच्या आधी, नाही जमलं तर पहिल्या तीन दिवसांत करावा, असं तज्ज्ञ सांगतात.

इथे एक गोष्ट ठळक अक्षरांत छापावी अशी विनंती आम्ही संपादकांना केली आहे. डोळ्याला धोका असेल, नजर अंधारत असेल, दोन दोन दिसत असेल, तर स्कॅनसाठी स्टेरॉइड थांबवायचं नाही. औषध आधी, चित्र नंतर. चित्र पुन्हा काढता येईल, डोळा पुन्हा मिळणार नाही. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर आम्ही फोन करतो तो याचसाठी. औषध सुरू केलं आहे, उद्या जागा मिळेल का? या एका फोनवर बरंच काही अवलंबून असतं.

याची दुसरी बाजू तुमच्या हातात आहे. अंगदुखीला, दम्याला, ‘ताकदीला’ म्हणून कुणीतरी दिलेल्या गोळ्यांत स्टेरॉइड असू शकतं. घरात असलेली प्रत्येक गोळी, प्रत्येक पुडी, पाकिटासकट स्कॅनला घेऊन या. लपवलीत तर चित्र स्वच्छ दिसेल आणि आजार आत तसाच राहील. आणि स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तर स्कॅनसाठी म्हणून ते परस्पर बंद करू नका. अचानक बंद केल्यानं जिवावर बेतू शकतं.

मग येतो उपवास. स्कॅनला किमान सहा तास उपाशी यायचं असतं. हे सांगितलं की आपल्या घरांतून हमखास विचारतात, “उपवासाचं चालेल ना?” नाही चालणार! साबुदाण्याची खिचडी, रताळं, बटाटा, वरी हा सगळा पिठूळ ऐवज, त्याची पोटात साखरच होते. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपलीच आहे. स्कॅनच्या उपवासाला फक्त साधं पाणी, तेही भरपूर. आदल्या दिवशीही भात, पोहे, जिलबी आणि सध्याच्या दिवसांत मोदक बाजूला ठेवायचे. पोटात साखर गेली की इन्शुलिन वाढतं, इन्शुलिन साखर स्नायूंत ढकलतं, आपला बहुरूपीही स्नायूंत जाऊन बसतो आणि धमनीच्या भिंतीपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. मधुमेह असेल तर गोळ्या आणि इन्शुलिन कधी घ्यायचं हे आधी विचारून घ्या, मनानं ठरवू नका. मेटफॉर्मिनमुळे आतडी उजळतात, तेही आम्हाला माहीत असावं लागतं.

आदल्या दिवशी व्यायाम नको. इंजेक्शननंतर तासभर किंवा त्याहून थोडं जास्त शांत पडून राहायचं, गप्पा मारायच्या नाहीत. आपल्या मंडळींना उपवासापेक्षा हेच जड जातं. अंगावर शाल घ्या, कारण थंडी वाजली तर मानेभोवतीची एक प्रकारची चरबी साखर जाळू लागते आणि नेमकी ज्या धमन्या पाहायच्या त्यांच्याच शेजारी चमकते.

या तपासणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मेंदू सतत साखर खातो, हृदयही पुष्कळदा खातं, आणि एफडीजी मूत्रपिंडातून बाहेर पडतं. त्यामुळे या अवयवांच्या शेजारच्या धमन्या नीट वाचता येत नाहीत. अगदी बारीक धमन्यांसाठी सोनोग्राफी जास्त उपयोगी पडते. कानशिलाची धमनी संशयित असेल तर बहुतेक वेळा सुरुवात तिथूनच होते. वय झालेल्या माणसाच्या धमन्यांत चरबीचे थर असतात, तेही थोडे चमकतात. तुकड्या-तुकड्यांची चमक आणि सलग चमक यांतला फरक वाचणाऱ्यानं ओळखावा लागतो. उपचार चालू असताना रुग्ण बरा असूनही मंद चमक राहू शकते. लूव्हनच्या अभ्यासात तीन महिन्यांत चमक बरीच उतरली, पण आजार कुणाचा उलटेल हे त्या चित्रावरून आधी सांगता आलं नाही. म्हणून आम्ही चित्राला औषध देत नाही, माणसाला देतो. मात्र टोसिलिझुमॅबसारखं नवं औषध चालू असेल तर सीआरपी औषधामुळेच खाली राहतो, रक्ताच्या अहवालावर विसंबता येत नाही. अशा वेळी चित्राची मदत जास्त लागते.

किरणोत्साराची भीती अनेकांना वाटते. निसर्गातून प्रत्येकाला वर्षाकाठी जगभराच्या सरासरीनं सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट एवढा किरणोत्सार मिळतच असतो. एका पेट-सीटीत काही वर्षांचा वाटा एकदम मिळतो. तो नगण्य नाही, म्हणून हौसेनं स्कॅन करायचा नाही आणि दर तीन महिन्यांनी सवय म्हणूनही नाही. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल, बाळाला अंगावर पाजत असाल तर आधी सांगा. स्कॅननंतर काही तास तान्ह्या मुलांना आणि गरोदर बाईला जवळ घेऊ नका. पण डोळा किंवा महाधमनी पणाला लागली असेल, तेव्हा हा सौदा योग्य असतो.

शेवटी फुकटातली गोष्ट. एवढं महागडं यंत्र कुणासाठी लागेल, हे ठरवायला सुरुवात दोन बोटांनी होते. समजा, सत्तावीस वर्षांची मुलगी आहे. धुणं वाळत घालताना डावा हात भरून येतो, थोडा वेळ खाली सोडला की बरं वाटतं. चक्कर येते, बारीक ताप येतो. सगळे म्हणतात, “हिमोग्लोबिन कमी असेल, नीट जेवत नाही.” कुणी तिच्या दोन्ही मनगटांची नाडी एका वेळी पाहिली, दोन्ही हातांना रक्तदाब मोजला, गळपट्टीच्या हाडावर स्टेथोस्कोप ठेवून सूं-सूं आवाज ऐकला, तर वर्ष-दोन वर्षं वाचतात. दोन हातांच्या वरच्या रक्तदाबात २० किंवा त्याहून जास्त फरक असणं, हे टाकायासू आजाराच्या २०२२ च्या निकषांतलं एक लक्षण आहे. फरक दिसला म्हणजे हाच आजार असं नाही, पण पुढचा प्रश्न विचारायला ते पुरेसं कारण आहे.

आपला समाज उत्सवात दरवर्षी आरोग्य शिबिर भरवतो. रक्तदाब मोजायला रांग लागते आणि प्रत्येकाचा एकच हात पुढे येतो. यंदापासून दोन्ही हात मोजावेत, कागदावर दोन्ही आकडे लिहावेत, एवढीच आमची विनंती. माणशी दोन मिनिटं जास्त लागतील, त्यासाठी आम्ही दोघंही टेबलापाशी बसायला तयार आहोत. आणि कुणाला कधी पेट स्कॅन लिहून दिला, तर घर गप्प करू नका. कशासाठी लिहिला आहे हे डॉक्टरांना विचारा, औषधांची पाकिटं गोळा करा आणि दिलेल्या वेळेला पोहोचा.

विघ्नहर्त्यापुढे उभं राहून आपण विघ्न टळू दे म्हणतो. काही विघ्नं वेळेवर दिसली तरच टळतात.  गणपती बाप्पा मोरया!